भाकीत आणि भाष्यकार : आरंभीच्या ख्रिस्ती परंपरेतील अंतकाळविचार

गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर येथे, इ.स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचा मराठी ओवीबद्ध ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. 'ख्रिस्तपुराण' या नावाने तो आज ओळखला जातो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' जगाच्या उत्पत्तीपासून मुक्तिदायकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा सांगते, तर 'दुसरे पुराण' त्या मुक्तिदायकाचे चरित्र. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय 'येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे निरूपण' असा आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या ग्रंथाच्या भाषेविषयी पुष्कळ लिहिले आहे व ते योग्यच आहे. परंतु त्याच्या रचनेमागे जी कल्पना उभी आहे, तिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. ज्यूंचा संपूर्ण धर्मग्रंथ म्हणजे एक दीर्घ भाकीत असून ख्रिस्ताचे येणे ही त्या भाकिताची पूर्ती होय, ही ती कल्पना. ती स्टीफन्स यांची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या चार शतकांत ती घडली, आणि ती घडत असताना जे प्रश्न उपस्थित झाले ते पालि अट्ठकथांच्या अभ्यासकाला अगदी परिचयाचे वाटतील असे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. मराठी बायबलमध्ये 'संदेष्टा' हा शब्द योजिला आहे व तो समर्पक आहे. इस्राएलचे संदेष्टे भविष्यवेत्ते नव्हते, किंवा केवळ भविष्यवेत्ते नव्हते. राजाला व प्रजेला ईश्वराचा निरोप पोहोचविणे हे त्यांचे कार्य. 'असे वागाल तर असे होईल' हा त्या निरोपाचा एक भाग असे, आणि 'होईल' हे बहुधा ऐकणाऱ्यांच्या हयातीतच होणे अभिप्रेत असे. यशयाचे सुप्रसिद्ध वचन घ्या. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास यहूदाचा राजा आहाज दोन शेजारी राजांच्या आक्रमणाने भयभीत झाला असता यशया त्याला एक चिन्ह देतो : एक तरुणी गर्भवती आहे, तिला पुत्र होईल, आणि त्याला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच या दोन्ही राजांची भूमी ओसाड पडेल. सातशे वर्षांनंतर जन्मणारे मूल आहाजाच्या कोणत्या कामाचे?

पण ग्रंथ मागे राहतात आणि प्रसंग विसरले जातात. हिब्रूतील 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. इसवी सनापूर्वीच झालेल्या ग्रीक भाषांतरात त्या जागी 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द आला. मत्तयाच्या शुभवर्तमानाने हेच ग्रीक वचन येशूच्या जन्माला लावले. इ.स. १६० च्या सुमारास लिहिलेल्या जस्टिनच्या संवादात ट्रायफो नावाचा ज्यू प्रतिपक्षी म्हणून येतो. मूळ शब्दाचा अर्थ 'तरुणी' असून हे वचन आहाजाच्या पुत्राविषयीचे, हिज्कीयाविषयीचे आहे, असा आक्षेप तो स्पष्टपणे घेतो. जस्टिनचे उत्तर असे की, ज्यू आचार्यांनी अर्थ फिरविला आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने आज ट्रायफोची बाजू सबळ मानली जाते. मात्र जस्टिनने आणखी एक गोष्ट केली, आणि पुढील सर्व विवेचनाची किल्ली तीच आहे. ट्रायफो विचारतो, 'तुमचा ख्रिस्त तर क्रूसावर मेला. वैभवाने येणारा, राज्य करणारा तो कोठे आहे?' त्यावर जस्टिन म्हणतो की येणी दोन आहेत : एक दैन्याचे, जे झाले, दुसरे वैभवाचे, जे व्हावयाचे आहे. या एका भेदाने सारी भाकिते दोन राशींत विभागली गेली. जी पूर्ण झाली असे दाखविता येत होते ती पहिल्या येण्याकडे गेली, उरलेली दुसऱ्याकडे. वादात अशा विभागणीला पराभव करणे अवघड असते, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईलच. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातील 'येणे' हे यांतील पहिले येणे होय.

दुसऱ्या येण्याचा प्रश्न अधिक दुःखाचा होता. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पत्र इ.स. ५० च्या सुमाराचे आहे. ख्रिस्ती साहित्यातील सर्वांत जुन्या लेखनापैकी ते एक. त्या मंडळीतील काही जण मरण पावले होते आणि मागे राहिलेल्यांना असे वाटू लागले होते की, प्रभू येण्यापूर्वीच मेलेली ही माणसे मुकली. म्हणजे पहिल्या पिढीची अपेक्षा अशी होती की कोणी मरण्यापूर्वीच सर्व काही घडेल. पौल त्यांचे सांत्वन करतो. पन्नास-साठ वर्षांनंतरच्या, पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात प्रश्न उपहासाचा झालेला दिसतो : वाडवडील मेले, जग होते तसेच चालले आहे, त्या येण्याचे काय झाले? उत्तर म्हणून स्तोत्रातील एक कल्पना पुढे केली जाते. ईश्वराच्या लेखी हजार वर्षे एका दिवसासारखी असतात. विलंबाचे समाधान करण्यासाठी आणलेली ही तुलना पुढे कोष्टक मांडणाऱ्यांच्या हाती पडली.

विलंबाचा हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळींचा नव्हता. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथावरील एक टीका आहे. एकेक वचन द्यावयाचे आणि त्याचा अर्थ आपल्या पंथाच्या चालू काळाला लावावयाचा, अशी तिची पद्धती. अंतिम पिढीचे काय होणार हे ईश्वराने हबक्कूकाला लिहावयास सांगितले, परंतु त्याची पूर्ती केव्हा हे त्याला कळविले नाही. ते रहस्य आमच्या आचार्याला उलगडले, असे हा टीकाकार म्हणतो, आणि अंतकाळ अपेक्षेपेक्षा लांबला आहे हेही मान्य करतो. म्हणजे वक्त्याला जे ठाऊक नव्हते ते टीकाकाराला ठाऊक आहे! ख्रिस्ती भाष्यकारांची भूमिका याहून फार वेगळी नव्हती.

या सर्व भाष्यपरंपरेचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे दानीएल. नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातील पुतळा, ज्याचे मस्तक सोन्याचे, छाती रुप्याची, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व माती यांच्या मिश्रणाची; आणि कोणाच्या हाताने न फोडलेला एक पाषाण, जो त्याचा चुराडा करतो. पुढे समुद्रातून वर येणारी चार श्वापदे, चौथ्याची दहा शिंगे व त्यांत उगवलेले एक लहान शिंग. कथा इ.स.पू. सहाव्या शतकातील बाबेलमध्ये घडते असे दाखविले असले तरी, हे लहान शिंग म्हणजे यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणारा ग्रीक राजा चौथा अँटिओकस होय आणि ग्रंथाला आजचे रूप इ.स.पू. १६७ ते १६४ या छळाच्या काळात आले, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. हे मत आधुनिक नाही. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथात ते मांडले होते : अँटिओकसपर्यंतचा इतिहास दानीएल अचूक सांगतो आणि त्यानंतरचा चुकतो, तस्मात् लेखक त्याच काळचा. पॉर्फिरीचा ग्रंथ सम्राटाच्या आज्ञेने इ.स. ४४८ मध्ये जाळण्यात आला. तरीही त्याचा युक्तिवाद आपल्याला कळतो, कारण जेरोमने ४०७ मध्ये दानीएलावर भाष्य लिहिताना त्याचे खंडन केले आणि खंडनासाठी तो आधी नोंदविला. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे नोंदविण्याच्या सवयीचे हे एक मोठे ऋण आहे.

दानीएलाचा ग्रंथ स्वतःच पूर्वीच्या वचनाचे भाष्य करतो, हे विशेष लक्षणीय. बाबेलचे दास्य सत्तर वर्षे चालेल असे यिर्मयाने म्हटले होते. सत्तर वर्षे लोटली. वैभव परतले नाही. दानीएलाच्या नवव्या अध्यायात देवदूत सांगतो की ही सत्तर वर्षे नव्हेत, सत्तर 'सप्तके' आहेत. म्हणजे चारशे नव्वद वर्षे. संख्या कायम राहिली, मापक बदलला. पालि वाचकाला येथे चुल्लवग्गाची आठवण होईल. भिक्षुणीसंघाच्या स्थापनेमुळे सद्धर्म हजाराऐवजी पाचशेच वर्षे टिकेल, असे वचन तेथे आहे. समंतपासादिकेत बुद्धघोषाचार्यांपुढे अडचण उभी होती, कारण त्यांच्या काळापर्यंत ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. आठ गुरुधर्मांच्या मर्यादेमुळे मुदत पुन्हा हजारावर आली, आणि हे हजार म्हणजे प्रतिसंभिदाप्राप्त अर्हंतांचे. त्यापुढे आणखी चार सहस्रके उतरत्या श्रेणीच्या साधकांची, असा पाच हजार वर्षांचा हिशोब त्यांनी मांडला. बुद्धघोष आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टीन हे साधारण समकालीन होते, आणि परस्परांचे नावही न ऐकलेले हे दोन भाष्यकार एकाच कोटीच्या अडचणीतून वाट काढीत होते.

रोमचे साम्राज्य आल्यावर चौथे श्वापद ग्रीक न राहता रोमन झाले. डोमिशियनच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ.स. ९५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'प्रकटीकरणा'त ते श्वापद पुन्हा येते. त्याचा अंक ६६६, आणि त्याच्या पराभवानंतर संतांचे हजार वर्षांचे राज्य. हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांनी 'नीरो कैसर' हे नाव ६६६ भरते, असे आज सामान्यतः मानतात. परंतु शंभर वर्षांच्या आतच ही किल्ली हरवली होती. इरेनेयस इ.स. १८० च्या सुमारास तीन निरनिराळी नावे सुचवितो आणि लगेच बजावतो की निश्चित बोलणे धोक्याचे. मात्र हजार वर्षांचे राज्य तो अक्षरशः मानीत असे. पापियासच्या आधारे तो सांगतो की त्या काळी एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील. आपल्याकडे अनागतवंसात मेत्तेय्याच्या काळाचे जे वर्णन आहे त्याची धाटणी याहून दूरची नाही. उपाशी माणसाच्या स्वप्नात धान्य येणारच. त्याला हसण्याचे कारण नाही. युसेबियस मात्र पापियासला मंदबुद्धी ठरवून मोकळा झाला. तो सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मर्जीतला बिशप होता आणि त्याला द्राक्षांची वाट पाहण्याची निकड नव्हती.

या साऱ्या अपेक्षेची किंमत कोणी दिली? हिप्पोलिटसने इ.स. २०४ च्या सुमारास दानीएलावर लिहिलेले भाष्य हे आज संपूर्ण उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती बायबलभाष्य होय. त्यात दोन प्रसंग आहेत. सिरियातील एका मंडळीच्या प्रमुखाने आपल्या लोकांना बायकामुलांसह ख्रिस्ताच्या भेटीसाठी अरण्यात नेले. ते डोंगराळ भागात वाट चुकून भटकत राहिले, आणि सुभेदाराने लुटारू समजून त्यांना ठार मारले नाही ते केवळ त्याची पत्नी ख्रिस्ती होती म्हणून. दुसरा प्रसंग पाँटस प्रांतातील. तेथील प्रमुख सात्त्विक आणि विनम्र होता, पण ग्रंथाऐवजी आपल्या स्वप्नांवर विसंबून राही. वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येईल असे त्याने सांगितले आणि लोकांनी शेते टाकली, गुरे विकली, विवाह थांबविले. वर्ष सरले. तो लज्जित झाला. मुलींची लग्ने झाली, पुरुष नांगराकडे परतले, आणि ज्यांनी सर्वस्व विकले होते ते भीक मागू लागले. हिप्पोलिटस या लोकांची टवाळी करीत नाही. आपल्या मंडळीला ती वेळ येऊ नये म्हणून तो एक गणित मांडतो. सृष्टी सहा दिवसांत झाली, एक दिवस म्हणजे हजार वर्षे, म्हणून जगाचे आयुष्य सहा हजार. कराराच्या कोशाची लांबी, रुंदी व उंची मिळून साडेपाच हात भरतात, म्हणून ख्रिस्ताचा जन्म ५५०० या वर्षी. तेव्हा अंताला अद्याप सुमारे तीनशे वर्षे आहेत. घरी जा, नांगर धरा. गणित निराधार होते, पण त्याने त्या पिढीची गुरे वाचविली. पुढे ती मुदत जवळ येऊ लागली तेव्हा युसेबियसच्या कालगणनेने जगाचे वय सुमारे तीनशे वर्षांनी कमी केले आणि अंत पुन्हा दूर गेला.

कालगणना पुढे ढकलण्याहून मूलगामी मार्ग अलेक्झांड्रियाच्या भाष्यकारांनी घेतला. ओरिजेनचे म्हणणे असे की, राज्य, मेजवानी, नगरी हे शब्द आत्म्याच्या अवस्थांचे वाचक आहेत. ज्यांना ते पोटभर जेवणाचे आश्वासन वाटते त्यांनी वाच्यार्थालाच तात्पर्य मानले. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात नीतार्थ आणि नेयार्थ सुत्तांचा जो भेद आहे, आणि एकाला दुसरे म्हणून सांगणारा तथागतांवर आळ घेतो असे जे म्हटले आहे, त्याच स्वरूपाचा हा वाद. फरक एवढाच की नेयार्थ कोणते आणि नीतार्थ कोणते हे ठरविण्याची कसोटी ओरिजेनजवळही पुरेशी स्पष्ट नाही.

या वादातील सर्वांत सुंदर प्रसंग तिसऱ्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये घडला. आर्सिनोए येथील नेपोस नावाच्या बिशपने रूपकवाद्यांच्या खंडनार्थ एक ग्रंथ लिहिला होता व त्यामुळे खेडोपाडी हजार वर्षांच्या भौतिक राज्याची शिकवण रुजली होती. नेपोस मरण पावला, मंडळ्यांत फूट पडली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने अधिकाराच्या बळावर बहिष्काराचा मार्ग न घेता तो स्वतः तेथे गेला, खेड्यांतील आचार्यांना एकत्र बसविले आणि तीन दिवस, सकाळपासून सायंकाळपर्यंत, तो ग्रंथ त्यांच्यासह वाचला. युसेबियसने जतन केलेल्या त्याच्या वृत्तांतात प्रतिपक्षाच्या सचोटीची, सत्यप्रेमाची आणि समंजस प्रश्नांची प्रशंसा आहे. नेपोसच्या स्तोत्ररचनेविषयीही तो आदराने लिहितो. अखेरीस त्यांचा अग्रणी कोराकिऑन याने आपले मत सोडले. याच संदर्भात डायोनिसियसने 'प्रकटीकरणा'ची शैली, शब्दसंपत्ती व व्याकरणदोष तपासून, हा योहान आणि शुभवर्तमानकार योहान एक नसावेत असा निष्कर्ष काढला. सतराशे वर्षांपूर्वीचे हे ग्रंथपरीक्षण आजच्या अभ्यासकालाही मान्य व्हावे इतके काटेकोर आहे.

यानंतर परिस्थितीच पालटली. जे साम्राज्य श्वापद होते ते इ.स. ३१३ नंतर संरक्षक झाले. (टर्टुलियनने त्याआधीच, १९७ मध्ये, असे लिहिले होते की रोम टिकून आहे तोवर शेवटची अरिष्टे थांबून आहेत, म्हणून आम्ही रोमसाठी प्रार्थना करतो.) आणि ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले, तेव्हा संरक्षकही कोसळू शकतो हे दिसले. ऑगस्टीनचा 'ईश्वराची नगरी' हा ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेला ग्रंथ याच धक्क्यातून निघाला. पूर्वी तोही हजार वर्षांचे राज्य मानीत असे. उत्तर आफ्रिकेतील टिकोनियस या भाष्यकाराने अर्थनिर्णयाचे सात नियम सांगितले होते. तो विरोधी, पाखंडी ठरलेल्या पंथाचा असूनही ऑगस्टीनने ते स्वीकारले, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण. ग्रंथाच्या विसाव्या खंडात तो म्हणतो की हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून अंतापर्यंतचा, आज चालू असलेला संपूर्ण काळ; हजार ही पूर्णत्वाची संख्या, मोजण्याची नव्हे. अन्यत्र तो हिशोब करणाऱ्यांना बोटे सैल सोडण्यास सांगतो. ४१८ च्या सूर्यग्रहणानंतरच्या सुमारास सलोनाचा बिशप हेसिकियस याने सत्तर सप्तकांविषयी त्याला पत्र लिहिले. त्याच्या दीर्घ उत्तरात ती सप्तके पहिल्या येण्याने पूर्ण झाली, दुसऱ्याची वेळ जाणण्याचे साधन आपल्याजवळ नाही, असा आशय आहे. पश्चिमेकडील चर्चचे अधिकृत धोरण पुढील अनेक शतके बव्हंशी हेच राहिले.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले ते हा वारसा घेऊन. जुन्या करारात नवा करार गुप्त आहे हे ऑगस्टीनचे सूत्रच त्यांच्या दोन पुराणांच्या मांडणीत आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्याचा ग्रंथ केवळ आपले भाकीत म्हणून वाचला की त्या ग्रंथाचा मूळ वाचक आपल्याच घरात अडाणी ठरतो. ज्यू लोक आपले ग्रंथ आंधळ्यासारखे वाहून नेतात व आमच्यासाठी साक्ष देतात, हे मत ऑगस्टीनने मांडले. आणि १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या पहिल्या बळींत ज्यू वंशाचे नवख्रिस्ती होते. साष्टीतील नवख्रिस्तींनी आपली जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी काही द्या, अशी मागणी केल्याचे खुद्द ख्रिस्तपुराणाच्या आरंभी येते. ती पुराणे आपोआप गेलेली नव्हती. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएलांसाठी जॉन विल्सन यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीतून हिब्रू व्याकरण रचले, मिशनच्या शाळा काढल्या. त्या शिक्षणाचा तो समाज मनःपूर्वक लाभ घेता झाला आणि यशयाचे वचन मूळ हिब्रूत वाचून बहुतांशी आपल्याच धर्मात राहिला. ट्रायफोचे उत्तर असे रेवदंडा-अलिबागच्या परिसरातही दिले गेले.

मराठी मुलखात अंतकाळाची प्रत्यक्ष चाहूल लागल्याचे उदाहरण केडगावचे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले त्याचा आधार योएलाचे वचन होते : शेवटल्या दिवसांत पुत्र व कन्या संदेश देतील. हेच वचन प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र पहिल्या मंडळीला लावतो. दुष्काळातून वाचलेल्या मुलींना त्यातील 'कन्या' हा शब्द आपला वाटला असेल तर नवल नाही. रमाबाई त्याच काळात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले व भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले.

मेढ्याच्या वाचकाला याहून जवळचा धागा साताऱ्यात सापडेल. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून साताऱ्यास राहिले व तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांच्या मनातील येणारे राज्य आकाशातून उतरणारे नव्हते. ते इथल्याच माणसांच्या बंधुत्वातून उभे राहावे, अशी त्यांची आकांक्षा होती. १९१९ मध्ये ते वारले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिले. त्याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहातील ख्रिस्तपुराणाच्या देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. रोमन लिपीतील पाठापेक्षा त्यातील शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे, आणि दोहोंतील मूळ पाठ कोणता याविषयी मतभेद आहेत.